आठव्या मारुतीपाशी

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात झाले होते, आणि वाईच्या चारुलताबाईंनी त्यांतले पाहिले होते दोन.

बाकीच्यांच्या वेळी त्या गोदाकाकूंचा हात धरून खालीच बसल्या होत्या. चाफळला पायऱ्या, शिंगणवाडीला तर टेकडीच. बस थांबली की पुढच्या सीटवरून भार्गवीचा माईक खरखरायचा, "चला चला, दहा मिनिटं हं! तेल घाला, माळ घाला, फोटो काढा आणि परत. अकराच्या अकरा आजच्या आज झाले पाहिजेत!" मग माईक बाजूला धरून, हळूच, "चारुताई, आईंजवळ बसता ना? तुम्हाला सवय आहे."

गोदाकाकू भार्गवीच्या सासूबाई. महिला मंडळाच्या सहलीला सुनेनं सासूला आणलं म्हणून सगळ्या आळीत तिचं कौतुक झालं होतं. हात मात्र चारुलताबाईंचा.

सवय होतीच. सांगलीहून लग्न होऊन वाईला आल्या, मुलं वाढवली, आणि हातपाय जरा मोकळे होतात तोवर सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड गेलं, मागोमाग आठवण गेली. कूस बदलायची, भरवायचं, रात्रीतून उठायचं. नवरा, अनंतराव, भला माणूस. "चारू, आईला तुझ्याच हातचं लागतं," म्हणून पेपर उघडायचा. सासूबाई जाऊन वर्ष सरलं तरी पहाटे कुणी हाक मारल्यासारखी त्यांना जाग यायची. या सहलीला त्या आल्या होत्या ते एकाच इच्छेनं. एक दिवस कुणाचंही काही बघायचं नाही.

बस आठव्या मारुतीला, बहे गावी थांबली. कृष्णा इथं दोन अंगांनी वाहते आणि मधल्या बेटावर देऊळ. बायका माळा घेऊन भराभरा उतरल्या.

"चारुताई, आईंजवळ..."

"इथं मी आत जाणार आहे, भार्गवी."

"जा ना! आम्ही आलो की जा."

"तुम्ही आलात की बस सुटते."

भार्गवी हसली. "अहो, आईंना तुमच्याशिवाय कुणाशी पटतच नाही."

"मी पटत नाही गं त्यांना. मी सापडते." चारुलताबाईंनी वरची पिशवी ओढून काढली. "आणि मी पुढं येत नाही. उरलेले माझे मी बघेन."

"म्हणजे? अर्ध्यात सोडणार? अहो, अकरा एका दिवसात झाले तरच..."

"तुमचे होऊ देत."

गोदाकाकू इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली. "म्हणजे तूही चाललीस?"

चारुलताबाईंचा पाय पायरीवर अडला. म्हातारीचे गुडघे सुजले होते. तिनं सकाळपासून एकही मारुती पाहिला नव्हता.

"हो काकू. दमलेय हो मी."

"दिसतंय ते. मी तरी कुठं मजा मारतेय?" काकू पुन्हा खिडकीकडे वळल्या.

खाली गुंडा नावाच्या ड्रायव्हरनं पिशवी हातात घेतली. "मावशी, रुसून चाललायसा जनू?"

"नाही रे. रुसायलासुद्धा जोर लागतो."

"मग हितनं वडापची जीप धरा. इस्लामपूरला सोडतंय. तितनं शिराळ्याला यष्टी हाय."

बायका आल्या, चढल्या, हॉर्न वाजला. बस वळताना काचेतून भार्गवी दिसली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात सासूचा थर्मास, आणि बसलेली चारुलताबाईंच्या जागेवर.

वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. वाटलं नाही. काकूंचं 'तूही' कानात तसंच होतं. देवळात गर्दी नव्हती. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मागायला काही सुचेना. कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. कुणी घाई केली नाही.

बाहेर माळा विकणारी तानुबाई बसली होती. "मागं ऱ्हायलासा व्हय, बाई?"

"राहिले."

"गाडी परत यायची हाय का?"

"नाही."

"मग बसा की निवांत. पानी प्या." तिनं तांब्या पुढं केला. "भांडान झालं?"

"नाही हो."

"मग लयच अवघड काम केलं तुमी."

शिराळ्याच्या एस्टीत अनंतरावांचा फोन आला. "भार्गवी फोन करत होती. बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"मग परत का नाही येत? कुठे आहेस?"

"शिराळ्याला निघालेय. रात्री इस्लामपूरला बहिणीकडे, अंजनाकडे राहीन. पुढचे दोन उद्या."

"एकटी? अगं, आणि मी जेवायला..."

पीठ कुठल्या डब्यात, आमटी कशात, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "बघा काहीतरी," त्या म्हणाल्या. आणि फोन पिशवीत टाकला.

शिराळ्यात उतरल्या तेव्हा उन्हं कलली होती. पाय खांबांसारखे जड. मारुती समोरच होता, दार उघडं होतं, अडवायला कुणी नव्हतं. चारुलताबाईंनी चपला काढल्या आणि कट्ट्यावर बसून भिंतीला पाठ टेकली. मारुती काय, उभाच होता. त्यांना आधी बसायचं होतं.