खिळा ठोकायचा नाही

"भिंतीला खिळा ठोकायचा नाही." पंचवटीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्या बघायला गेलो, तेव्हा मालकीणबाईंनी आधी हे सांगितलं आणि मग चहाचं विचारलं. त्या विधवा, खाली एकट्या राहायच्या. आधीच्या भाडेकरूने भिंतींची पार चाळण करून ठेवली होती, म्हणून त्या पोळलेल्या होत्या. मी नवी नवरी, मुकाट्याने मान डोलावली. म्हटलं, खिळ्यावाचून काय अडतंय?

अडलं की! सामान लावतानाच अडलं. माझ्या भावाने आमच्या लग्नाचा फोटो मोठा करून, काचेची फ्रेम करून दिला होता. मुंडावळ्या बांधलेले हे, आणि शेजारी मी, भेदरलेली. तो लावायचा कुठे? मी खाली जाऊन विनवलं, "काकू, एकच खिळा. लग्नाचा फोटो आहे हो." त्या म्हणाल्या, "एकाचे दहा होतात गं. बघितलंय मी." झालं, विषय संपला.

ह्यांनी फोटो जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. "असू दे. आपल्या घरात पहिला खिळा ह्याच फोटोचा," म्हणाले. हे अंबडला एका कारखान्यात लेथवर होते, आणि त्यांचं सगळं 'आपल्या घरात' असायचं. आपल्या घरात झोपाळा, आपल्या घरात ओट्याला काळा दगड. कुठे होतं ते घर? डोंबलाचं! ह्यांच्या डोक्यात होतं. पण सांगायचे असं, की मलाही ते दिसायला लागलं. मला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. फोटो तेवढा भिंतीवर हवा होता.

तोवर बोडक्या भिंती मला खायला उठायच्या. म्हणून कागद. पतंगाचा कागद आणि घोटीव कागद रविवार कारंजावरून आणायचा, बाकी सगळं घरातलंच. जुनी कॅलेंडरं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. पत्रिकेवर गणपती असतो, ती टाकवत नाही, म्हणून घरोघरी गठ्ठे साठलेले असतात. शेजारणी आपणहून आणून द्यायच्या, पापाला वाटेकरी मिळाल्यासारख्या. मी गणपती कापून बाजूला ठेवायची आणि उरलेल्या जाड कागदाची फुलं करायची. दिवाळी अंकाची पानं उदबत्तीच्या काडीवर तिरकी गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची, झालेल्या नळ्या दोऱ्यात ओवायच्या. असा मी दाराला अख्खा पडदा केला होता. येणारा-जाणारा हात लावून बघायचा आणि दोन नळ्या चेपून जायचा, मेला.

टांगायचं ते खिडकीच्या गजाला, माळ्याच्या कडेला, पंख्याच्या हुकाला. चिकटपट्टी नाही, तिने रंगाचे पोपडे निघतात. भिंतीला फक्त मैद्याची खळ, तीही पातळ, ओल्या फडक्याने पुसली की निघून जाईल अशी. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं फुलं फस्त करतात. हे मला कुणी शिकवलं नाही. आधी फस्त झाली, मग शिकले.

दारासमोरच्या भिंतीवर मधोमध, जिथे फोटो लागायला हवा होता तिथे, मी एक मोठं सूर्यफूल चिकटवलं. परातीएवढं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी मी फोटोची जागा धरून ठेवली होती.

बायका यायच्या, तोंडभर कौतुक करायच्या. "किती स्वस्तात घर सजवलंस गं!" माझं डोकंच फिरायचं. स्वस्तात! मला काय कागदाच्या घराची हौस आली होती? पावसाळ्यात सगळं मऊ पडायचं, उन्हाळ्यात उडायचं. पतंगाच्या कागदाची शेड दिव्याला करपली, ती वेगळीच. दर दिवाळीला जुनं खरवडून बंबात घालायचं आणि नव्याने मांडायचं. काकूही आपल्या पाहुण्यांना वर घेऊन यायच्या आणि मिरवायच्या, "बघा, एक खिळा नाही हो भिंतीला!" मी हसायची. काय करणार?

मग ह्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल करत हे सायकल घेऊन गेटवर जाऊन यायचे. पुढे एका दुकानात लागले, ते सुटलं, दुसऱ्यात लागले. 'आपल्या घरात' हळूहळू कमी झालं आणि एक दिवस बंदच झालं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं माझे कान किटवले त्याने गप्प बसावं, ह्याचीच मला धास्ती वाटायला लागली.

त्या दिवाळीला सूर्यफूल बदलायचं होतं. हे माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि पट्टी लावून पाकळ्या कापायला लागले. लेथवरचा हात, सगळ्या पाकळ्या अगदी एकसारख्या. मी मुद्दाम म्हटलं, "पुढच्या दिवाळीला फोटोच लावू हं तिथे." हे नुसतं म्हणाले, "पिवळा कागद पुरणार नाही बहुतेक." मला इतका राग आला! हो म्हणायला काय जात होतं? खोटं का होईना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत बसले. हे बाहेर पाकळ्या कापत राहिले.

पुढच्या वर्षी ह्यांना कावीळ झाली. बरी झाली म्हणेपर्यंत उलटली. दवाखान्यात नेलं ते चालत, चपला घालून. त्या चपला मी पिशवीत घालून परत आणल्या.

तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. रेशनकार्डावरचा नखाएवढा, पुसट. ह्यांनी एरवी कधी फोटो काढलाच नव्हता. शेवटी ट्रंक उघडली. भावाने तो लग्नाचा फोटो स्टुडिओत नेला, मीही गेले. स्टुडिओवाला चांगला होता, म्हणाला, "मुंडावळ्या पुसून देतो, कुणाला कळणार नाही. पण ताई, तुमचा खांदा येतोय मध्ये. तुम्हाला कापावं लागेल." मी म्हटलं, "कापा."

त्याच फ्रेममध्ये बसवून फोटो घरी आला. तेरावं उरकलं, तरी तो पाटावर भिंतीला टेकूनच होता. जिन्यात पावलं वाजली. काकू, गुडघे धरत वर आलेल्या, हातात हातोडी आणि एक खिळा.

"ठोक गं बाई. मी काही म्हणणार नाही."

माझा तोल सुटला. "आत्ता? काकू, आत्ता देता खिळा? तेव्हा हात जोडले होते ना मी तुमच्यापुढे!" भाऊ म्हणाला, "अगं, गप." काकू रडत होत्या, पण हातोडी तशीच पुढे धरलेली.

मी ओलं फडकं घेतलं आणि सूर्यफूल उतरवलं. ह्यांनी कापलेल्या पाकळ्या भिजून हातात आल्या. मागे भिंतीवर डागसुद्धा नव्हता. तशीच खळ करायची मी.

भावाने खिळा ठोकला. गिलाव्याचा चुरा खाली पडला. ह्यांनी म्हटलं होतं तसंच झालं, पहिला खिळा लग्नाच्याच फोटोचा. फक्त त्यात मी नव्हते.