रिपोर्टचं दुसरं पान

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता सांगायचं म्हटलं तरी घरात कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो — कुठून सुरुवात करावी ते मात्र अजून कळत नाही.

मी सुरतमध्ये पोटाची ऑपरेशनं करतो. मूळचा साक्रीकडचा. इथल्या नवागाम वस्तीतली खानदेशी माणसं माझ्याकडे येऊ लागली ती मी त्यांच्याशी अहिराणीत बोलायचो म्हणून. कल्पनाबाईही तशाच आल्या. चाळिशीच्या आतल्या, घरी बसून साड्यांना खडे चिकटवणाऱ्या. नवरा भटूभाऊ, पॉवरलूमवर कामाला. तक्रार काय — जेवल्यावर पोटात कळ, अशक्तपणा, रक्त सारखं कमी. तोंडातून दुर्बीण घातली, खालून घातली. काही सापडलं नाही. राहिलं मधलं लहान आतडं. तिथवर दुर्बीण सहजी पोचत नाही, आणि तिथे गाठ होते तीही क्वचित. मी सीटी स्कॅन सांगितला.

रिपोर्ट घेऊन दोघं आले त्या दिवशी बाहेर गर्दी होती. पण गर्दी कधी नसते? मी पहिलं पान वाचलं. यकृत ठीक, मूत्रपिंडं ठीक. पान उलटलं नाही. रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कल्पनाबाईंना म्हणालो, फार विचार करू नका, मनातलं पोटावर येतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. भटूभाऊ मात्र सुटल्यासारखे हसले.

चौदा महिन्यांनी त्या परत आल्या त्या फुगलेलं पोट आणि न थांबणाऱ्या उलट्या घेऊन. आतडं अडलं होतं. मी पोट उघडलं. लहान आतड्याच्या वरच्या भागात टणक गाठ, आतड्याला आवळून बसलेली. यकृतावर पांढरे ठिपके. गाठीचा भाग काढला, आतडं जोडलं. हात व्यवस्थित चालले.

टाके घालून झाल्यावर मी जुनी फाइल मागवली. का मागवली? मनात कुठेतरी ठाऊक असणार. दुसऱ्या पानावर तीन ओळी होत्या — लहान आतड्याची भिंत वरच्या भागात जाड दिसते, गाठीची शंका, पुढची तपासणी लवकर करावी.

फाइल मिटून बाहेर आलो. भटूभाऊंना सांगितलं, कॅन्सर दिसतोय, पसरलाय. दुखणं वाढलेलं असताना भाचीच्या लग्नासाठी ते बायकोला गावी घेऊन गेले होते, तीन आठवडे राहिले होते. तेच त्यांच्या डोक्यात होतं.

"डॉक्टरसाहेब, मनी चूक व्हयनी का?"

खरं सांगायचं धाडस नव्हतं — पण नुसतं 'नाही, तुमची चूक नाही' म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "थोडं आधी आणायला हवं होतं."

हे मी मराठीत म्हणालो. अहिराणीत ते तोंडातून निघालं नसतं. तेव्हापासून पेशंटशी मी अहिराणी बोलत नाही.

कल्पनाबाई आठ महिन्यांनी गेल्या. वेळीच कळलं असतं तर वाचल्या असत्या का? सांगता येत नाही. तो प्रश्न माझा होता. मी तो त्यांच्या नवऱ्याच्या गळ्यात घातला. पुढे डॉक्टरांच्या एका सभेत ही केस मांडली — दुर्मिळ गाठ, अवघड निदान. पहिला स्कॅन दाखवला नाही. टाळ्या पडल्या, त्या घेतल्या.

भटूभाऊ अजून येतात. वस्तीत कुणाचं पोट दुखलं की स्वतः घेऊन येतात. गेल्या आठवड्यात एका शेजारणीला आणि तिच्या नवऱ्याला आणलं. दार अर्धवट उघडं होतं. ते त्या नवऱ्याला समजावत होते, मी उशीर केला म्हणून माझी बायको गेली, तू करू नको. इतक्या सवयीने सांगत होते की कळलं — हे ते प्रत्येकाला सांगतात.

मी ऐकून घेतलं. मग बेल वाजवली आणि त्या बाईंना आत बोलावलं. भटूभाऊ बाहेर बाकावर बसून राहिले.