शेशानाला मुलीच होत्या

पवित्र शास्त्र मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सात वेळा वाचलं आहे, असं मी पुलगावच्या आमच्या मंडळीत छाती काढून सांगत असे. ते खोटं होतं. जुन्या करारात इस्राएलाच्या वंशांच्या याद्या सुरू झाल्या, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, की मी दरवेळी पानं उलटून पुढे जायचो. मेलेल्या माणसांची हजेरी कशाला घ्यायची, असं मला शाळामास्तर असूनही वाटायचं. देवानं मला नेमकं तिथंच गाठलं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. पत्नी वारली होती. मुलगा नाही, दोन मुली. थोरली लग्न होऊन जबलपूरला गेली होती, धाकटी शीला घरूनच जाऊन-येऊन सेवाग्रामला दवाखान्यात नर्सचं काम करायची. एक दिवस तिनं सांगितलं की तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा नालवाडीचा, बौद्ध घरातला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आपल्या मंडळीतली पोरं काय मेली सगळी? आधीच मला मुलगा नाही, आता घराण्याचं उरलंसुरलं नावही पुसून टाक," असं मी बोलून गेलो. "बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही," एवढंच ती म्हणाली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. चार महिने ती ताट वाढायची आणि मी मुकाट्यानं जेवायचो. देवा, हिचं मन वळव, अशी रोज प्रार्थना करायचो. माझंही मन वळवता येईल, हे देवाला सुचवायचं मला काही सुचलं नाही.

त्यातच माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामला झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यानं नुसतं धुरकट दिसायचं. रोज एक अध्याय वाचायचा माझा नेम, आणि शीलाला वाचून दाखव म्हणणं अभिमानाला झेपेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याबरोबर त्याची बायको होती, देवळीकडची. ती उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती आणि भिंतीवरच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचायची. मी तिलाच विनंती केली. "वाचीन ना भाऊ, पण मले हळूहळूच येते," ती म्हणाली. माझी खूण होती इतिहासाच्या पहिल्या पुस्तकावर, म्हणजे नऊ अध्याय नावंच नावं. मी म्हटलं, "बाई, तेवढी पानं सोडा, दहाव्या अध्यायापासून घ्या."

"काऊन सोडू?" ती म्हणाली. "लोकायचे नाव हायेत ना हे? कोणी लिवले म्हून तं उरले. माह्या सासऱ्यानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतलती, तवापासूनचं आमाले माहीत हाय. पण त्याच्या बापाचं नाव काय, ते आमच्या घरात आता कोणाले ठाऊक नाई. सोडाले नोको सांगू, भाऊ."

ती अक्षराला अक्षर जोडत वाचत राहिली आणि मी डोळा बांधलेला, ऐकत पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी यहूदाच्या वंशात एका ठिकाणी ती थांबली. "म्हंजे या शेशानाले पोरीच होत्या? अन् त्यानं आपली पोरगी मिसर देशाच्या गड्याले देल्ली." पुढची नावं तिनं बोटांवर मोजली. "तेरा पिढ्या चालल्या, भाऊ. समदे यहूदाच्याच घरात लिवले. हुशार माणूस होता."

मी सात वेळा त्या शेशानाला ओलांडून गेलो होतो. ज्या मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएल गुलामीत होतं, तिथला परका माणूस मुलीच्या हातानं देवाच्या वंशात आला आणि कोणी त्याला खोडलं नाही. या याद्या कोणाला बाहेर ठेवायला लिहिल्या असतील असं मला वाटायचं. त्या तर कोणी सुटू नये म्हणून लिहिल्या होत्या. आणि बाप्तिस्मा घेण्याआधी माझा आजा कोण होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या बाईच्या सासऱ्याला ज्या विहिरींवरून हाकललं असेल, तसल्याच विहिरींवरून माझ्या आजालाही हाकललं होतं. मी ते कधी कोणाला सांगितलं नाही. मला फार लाज वाटली. डोळ्यात पाणी येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते काही माझ्या हातात राहिलं नाही.

दुपारी शीला डबा घेऊन आली. चार महिन्यांनी मी तिच्याशी बोललो. "त्या मुलाचं नाव काय?"

"प्रशांत," ती हळूच म्हणाली.

"त्याच्या बापाचं?" तिनं सांगितलं. "आजाचं?"

"माहीत नाही, बाबा. का?"

"विचारून ये. आपल्या घरच्या शास्त्राच्या पहिल्या पानावर घराण्याची नावं आहेत, तिथं लिहायचंय." ती खाटेशी बसली आणि माझा हात धरून बराच वेळ रडली.

माझी पट्टी निघायच्या आदल्या दिवशी ती बाई नवऱ्याला घेऊन गावी गेली. तिचा चेहरा मी कधी नीट पाहिला नाही. तिला माझ्याकडे कोणी पाठवलं, याचा खल मी करत नाही, रोजच्या प्रार्थनेत तिच्यासाठी आभार मानतो. पुढे त्या पानावर मी प्रशांतचं नाव लिहिलं, त्याच्या वडिलांचं लिहिलं. आजाचं नाव त्यांच्या घरातही कोणाला सांगता आलं नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली. सगळं माझ्याच हातानं भरायला हवं, असा हट्ट आता उरला नाही. ते नाव देवाला ठाऊक आहे.