हिरवा गोल आणि बाबांची स्कूटर

माझ्या पीएचडीचा प्रयोग दिसायला साधा होता. पडद्यावर हिरवा गोल दिसला की लगेच स्पेसबार दाबायचा, आणि दिसणं-दाबणं यांमधला क्षणाचा अंश मोजायचा. ठाण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सोपं, कारण सगळ्यांना कॉम्प्युटर एकच. पण साठीपुढची माणसं तिथवर येईनात, म्हणून मी तो ऑनलाइन आणला. ज्याने त्याने घरी, आपापल्या लॅपटॉपवर, एकट्याने करायचा. माझ्या तावडीत आधी सापडले ते डोंबिवलीत राहणारे बाबा आणि त्यांचा सकाळी फिरायला जाणारा ग्रुप.

लोकांना हुरूप यावा म्हणून शेवटी प्रत्येकाला त्याची सरासरी वेळ दिसायची. बाबांनी आपली लगोलग ग्रुपवर टाकली. मग बाकीच्यांनीही टाकली, आणि बाबा सगळ्यांत ढ निघाले: त्यांचीच वेळ सगळ्यांत जास्त.

त्याच आठवड्यात आईचा फोन. "अगं, हे भाजीलासुद्धा चालत जातायत. म्हणतात स्कूटर विकतो, वेळेवर ब्रेक लागला नाही तर?"

हा माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही स्कूटरने जाणारा. रविवारी तडक डोंबिवली गाठली.

"कसा केलात, करून दाखवा बरं."

बाबांनी लॅपटॉपला केबल जोडली आणि भिंतीवरचा भलामोठा टीव्ही लावला. आई आणि शेजारच्या काकू चहा घेऊन सोफ्यावर सरसावून बसल्या. गोल आला की दोघी ओरडायच्या, "दाबा!"

"बाबा, एकट्याने म्हटलेलं ना?"

"अगं, घरात एवढा टीव्ही असताना त्या टीचभर पडद्यात काय डोकं घालायचं? आणि यांना दिसायला नको?"

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं. डोळ्यांना ते कळत नाही, पण माझा प्रोग्रॅम तो उशीर बाबांच्या नावावर मांडत होता. केबल काढली, काकूंना स्वयंपाकघरात पिटाळलं आणि बाबांना पुन्हा बसवलं. या वेळी आकडा ग्रुपमधल्या इतरांसारखाच आला.

बाबांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मला वाटलं, आता कुणाच्यातरी मागे बसूनच फिरायचं," ते हळूच म्हणाले. मला एकदम रडू आलं.

तोवर ते सावरलेही होते. "स्कूटरला एक गिऱ्हाईक बघितलंय," आईकडे वळून म्हणाले, "त्यालाच विचारतो, टीव्ही घेतोस का."