पीस बघणाऱ्या मॅडम

कुणाच्याही दारात मॅडम तडक शिरायच्या नाहीत. आधी बाहेर थांबायच्या, मग अंग तिरकं करून हळूच पायरीवर टेकायच्या आणि मुद्दाम भलतीकडेच बघत राहायच्या. आपण आलोय हे समोरच्याला कळलं, तो पुन्हा आपल्या कामाला लागला, की मग आत. "दचकवायचं नाही, काकू," हे त्यांचं पालुपद. आता जव्हारच्या एसटी स्टँडसमोरची माझी खानावळ. तिथे भर दुपारी भाताचं पातेलं खाली आदळलं तरी कुणी जेवणावरून मान वर करत नाही. तिथे कोण कशाला दचकतंय? पण नाही. पायरीवर बसणार म्हणजे बसणार.

एसटीलाही त्या तशाच सामोऱ्या जायच्या. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकायला धावायचे, आणि ह्या आपल्या बाजूला तिरक्या उभ्या. एसटी दचकत नाही हे उमजेपर्यंत त्यांच्या बऱ्याच गाड्या चुकल्या. तुमच्यापैकी कुणी तेव्हा स्टँडवर असाल, तर खांद्याला पिशवी लावून गाडीकडे पाठ करून उभी असलेली बाई तुम्ही पाहिली असेल. रुसून माहेरी निघालेली नव्हे ती. त्या आमच्या मॅडम.

त्यांची आई पूर्वी इथल्या आश्रमशाळेत शिकवायची, त्यामुळे जव्हार त्यांना लहानपणापासून ठाऊक. पुढे शिकून त्या पार उत्तर ध्रुवाकडे गेल्या, समुद्रावरच्या पक्ष्यांचा अभ्यास करायला. इतकी वर्षं बर्फात काढल्यावर मुंबईचा उकाडा सोसेना, म्हणून अहवाल लिहायला माझी वरची खोली भाड्याने घेतली. पौषात आम्ही सगळे चुलीला चिकटून, आणि ह्या अर्ध्या बाह्यांत गच्चीवर. "किती छान ऊब आहे ना," म्हणायच्या. त्यांच्याकडे बघूनच मला हुडहुडी भरायची.

दचकवण्याची भानगड त्यांनी मला वाल सोलता सोलता सांगितली. तिकडे समुद्राच्या काठाला उंच कडा आहे. त्यावर पक्ष्यांची ही गर्दी. घरटं बांधायचं नावच नाही, कड्याच्या अरुंद काठावर उघड्या दगडावर अंडं घालतात. कुणी अचानक समोर गेलं की सगळे एकदम उडतात, आणि अंडी घरंगळून खाली. जवळच लोखंडाची खाण आहे. तिची जहाजं बर्फ फोडत कड्याखालून जातात. त्याचा पक्ष्यांवर काय ताण पडतो, ते मॅडम शोधत होत्या. पीस वाढत असताना पाखराला जो ताण झाला, त्याची खूण म्हणे पिसात उतरते. यंत्रात घातलं की महिन्यांपूर्वीचं दुखणंही कळतं. मी म्हटलं, बरं झालं बाई, नवऱ्यांना हे यंत्र ठाऊक नाही, नाहीतर आपले केस तपासायला निघाले असते. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "केसांतही कळतं, काकू."

त्या कड्यापाशी एक गाव आहे. मी आपली सवयीने एस्किमो म्हणायचे. मॅडमनी सांगितलं, ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, तेच म्हणावं. त्या गावाचा नियम असा, की त्यांच्या मुलखात केलेला अभ्यास आधी गावाला तोंडी सांगायचा. गाव हो म्हणालं तरच छापायचा. खाणवाल्यांना आता अंड्यांच्या दिवसांतही जहाजं न्यायची होती. त्याचा निर्णय व्हायच्या आत मॅडमचा अहवाल पुढे यायला हवा होता. आणि एकदा त्यांचा तो गावाला सांगूनही झाला होता.

"मग? नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, काकू. चहा टाकायला गेले."

झालं असं, की मॅडमनी भिंतीवर यंत्राने चित्रं पाडली, वर जाणाऱ्या रेघा, खाली येणाऱ्या रेघा. पुढच्याच खुर्चीवर बसलेली एक आजी मध्येच उठली, चहा टाकते म्हणाली आणि आलीच नाही. तिच्यामागून एकेक करत सगळं गाव चहाला गेलं. मॅडम आणि यंत्र, दोघंच उरली. उन्हाळ्यात त्यांना पुन्हा जायचं होतं, शेवटचं. या खेपेलाही गाव उठून गेलं तर सगळ्या वर्षांची मेहनत पेटीत, आणि जहाजं कड्याखाली. हे सांगताना त्या हसत होत्या, पण वालाची सालं भांड्यात आणि दाणे खाली टाकत होत्या.

आता आमच्या ह्यांची करामत ऐका. आमचे हे जव्हार-खोडाळा जीप चालवतात, आणि स्टिअरिंगपेक्षा तोंड जास्त चालवतात. आमच्याकडे एक मॅडम आल्यात, पीस बघून पाखराच्या मनातलं ओळखतात, असं ह्यांनी जीपभर सांगितलं. झालं. पुढच्याच बाजाराच्या दिवशी मोखाड्याकडचा एक माणूस पळसाच्या पानात कोंबडीचं पीस गुंडाळून दारात हजर. कोंबडी अंडी घालत नाही, बघा काय ते.

दुसरं कुणी असतं तर हसून वाटेला लावलं असतं. मॅडमनी पीस दोन्ही हातांनी घेतलं. यंत्र इथे नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर त्याने नारळ लागेल का, असं विचारलं. शेवटी मॅडमनी चौकशी सुरू केली, खुराडं कुठे, आधी कुठे होतं, आसपास काय. तेव्हा निघालं की खुराडं नुकतंच रस्त्याच्या वळणावर हलवलंय, आणि त्या वळणावर एक जीपवाला रोज पहाटे कर्णा फुंकल्यासारखा हॉर्न वाजवतो. जीपवाला कोण, ते मी सांगायला नकोच. ह्यांना मी जेवायला वाढताना असं झाडलं की दुसऱ्या दिवसापासून वळणावर हॉर्न बंद. कोंबडी अंड्यावर आली, आणि मॅडमचं नाव वावर गावापासून खोडाळ्यापर्यंत झालं.

मग काय विचारता! पिसंच पिसं. कोंबडीची, बदकाची, एकाने तर पोपटाचं आणलं, तोही शेजाऱ्याचा. मी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायला लागले. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय नवीन? मी म्हणायचे, रुग्ण आहेत.

अशाने एक दिवस भगतबाबा येणार हे मला दिसतच होतं. खोडाळ्याकडच्या पाड्यावरचे ते जुने भगत. सुपात तांदळाचे दाणे टाकून घरचं दुखणं सांगणारे. त्यांची माणसं आमच्या दारात पिसं घेऊन यायला लागली, म्हणजे भांडण आलंच. बाबा आले आणि आत न येता पायरीवर बसले, तिरके, भलतीकडे बघत. मॅडम वरून उतरल्या आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, तिरक्या, भलतीकडे बघत. गिऱ्हाइकांना वाट राहिली नाही. बऱ्याच वेळाने बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "बाय, गाव कंचा तुझा?" आणि त्या दिवशी त्या दोघांनी माझा तीन वेळचा चहा संपवला.

तेव्हापासून मॅडम बाबांच्या पाड्यावर जायला लागल्या. बाबा दाणे टाकायच्या आधी किती विचारतात, याचं त्यांना भारी नवल. घरात कोण कोण, गाय कशी आहे, जगायला कोण गेलंय. जगायला जाणं म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर कामासाठी वसई-भिवंडीकडे घर सोडून जाणं. मॅडमनी तिथेच आपल्या अहवालाची तालीम करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांनी सागरी वाहतुकीचा वाढता दबाव इथून सुरुवात केली आणि बाबा घोरायला लागले. मॅडम नाराज. मी म्हटलं, अहो, निदान चहा टाकायला तरी नाही गेले.

मग एक म्हातारी आली. वावरकडून, दोन गाड्या बदलून. पीस आणलं होतं पदराला बांधून. मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, खुराडं कुठे? चुलीमागे. आवाज? नाही. अंडी? रोज घालते. खाते-पिते? चांगली.

"मग आजी, बिघडलंय काय?"

म्हातारी म्हणाली, "पोऱ्या दिवाळीला भिवंडीला गेला. फोन नाय आला."

मॅडमच्या हातात ते पीस तसंच राहिलं. त्या नुसत्या म्हातारीशेजारी बसून राहिल्या, आणि मी दोघींना ताटं तिथेच पायरीवर नेऊन दिली. आमच्या ह्यांनी जीपवाल्यांकडून तपास लावला. फोन हरवला होता म्हणे गाढवाचा. शिमग्याला सगळे परततात तसा तोही आला, आणि आईने आधी त्याला झोडपलं, मग जेवायला वाढलं.

पण त्या दिवशी म्हातारी गेल्यावर मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "काकू, चहा टाकायला गेलेल्या त्या आजींनाही मला काहीतरी सांगायचं असणार. मी तर रेघाच दाखवत बसले." मला फार वाईट वाटलं त्यांचं. मी त्यांना गरम भाकरी वाढली.

उन्हाळ्यात मॅडम निघाल्या. जीपच्या दारात आधी तिरक्या उभ्या राहिल्या, आणि आमच्या ह्यांनी, देवाशपथ, हॉर्न वाजवला नाही. खोली रिकामी झाली. पायरीवर आता कुत्रं बसतं. मी त्याला हाकलते आणि मग उगाच वाईट वाटून भाकरीचा तुकडा टाकते.

पाऊस निम्मा सरल्यावर मोबाईलवर त्यांचा निरोप आला. या खेपेला चित्रं पाडायचं यंत्र नेलंच नाही. सुरुवात आमच्या ह्यांच्या हॉर्नपासून केली. सगळं गाव हसलं. (आमचं नाव कुठवर पोचलं बघा, तेही कशासाठी!) मग लोक बोलायला लागले, जहाजांचं, शिकारीचं, खाणीवर गेलेल्या पोरांचं. मध्येच तीच आजी उठून चहा टाकायला गेली. "आणि काकू, त्या परत आल्या. सगळ्यांना चहा घेऊन." गावाने हो म्हटलं. अहवाल छापायला गेला.

निरोपासोबत एक फोटो होता. सुरकुतलेल्या तळहातावर एक काळं पीस. पीस पाठवणं कायद्यात बसत नाही म्हणून फोटो, असं मॅडमनी खाली लिहिलं होतं. मॅडमनी तिथे भगतबाबांचंही सांगितलं होतं, म्हणून आजींचा आग्रह, तुमच्या त्या दाणे बघणाऱ्या बाबांना दाखवा.

बाजाराच्या दिवशी भगतबाबा आले तेव्हा मी फोन पुढे केला. फोनमधलं पीस आपण बघत नाही, असं त्यांनी ठणकावलं. मग पायरीवर बसले, तिरके, आणि फोन लांब धरून कितीतरी वेळ बघत राहिले. पिसाकडे नाही, तळहाताकडे.

"हिचा कोन गेलाय खाणीवर, इचार."

मी लिहून पाठवलं. बाबांचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. नातू. बरेच दिवस घरी आलेला नाही.

बाबांनी कप खाली ठेवला, काठी घेतली आणि उठता उठता म्हणाले, "शिमग्याला येल. सांग तिला."

तिकडे शिमगा नसतो, हे मी बाबांना सांगितलं नाही. होतं तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.