दामूला मी विचारलं

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मेलन्कोलिया. म्हणजे मन खचण्याचा आजार. ताप नाही, खोकला नाही, माणूस आतून रिकामा होत जातो.

माझा दामू मुरबाडला शिकत होता. फायनलच्या परीक्षेत नापास झाला आणि धसईला घरी आला, तो भिंतीकडे तोंड करून पडला. जेवेना, झोपेना. आपला नवा सदरा चुलतभावाला देऊन टाकला. लोक म्हणाले, आळस आहे. कोणी म्हणाले, भगताला दाखवा. मी गाडी जुंपली आणि शहापूर गाठलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला एकटा सोडू नका. आणि जीव द्यावासा वाटतो का, ते सरळ विचारा."

आमच्याकडे दिवा विझवला असंसुद्धा म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. पोटच्या पोराला हे कसं विचारायचं?

"विचारल्याने विचार शिरत नाही," डॉक्टर म्हणाले. "असला तर तो आधीच आत बसलाय."

घरी येऊन हे सांगितलं तशी दामूची आय कडाडली, "अवो, भरल्या घरात असं बोलतात काय?"

मी तिच्यासमोरच विचारलं, "दामू, मरावंसं वाटतं का रे?"

तो भिंतीकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हो बाबा. रोज. नापास पोराचं तोंड बघाय लागतंय तुमाला."

"मी तर शाळाच नाय बघितली. माझं तोंड तू बघतोसच ना?"

तेव्हा तो रडला. आयेने त्याला धरून ठेवला.

मग दिवसा मी, रात्री ती, त्याच्याजवळ. धोक्याच्या वस्तू भावाकडे नेऊन ठेवल्या. रोज सकाळी मी विचारायचो, आज तसं वाटणं कमी की जास्त. "जास्त" म्हणाला की पुन्हा शहापूर. डॉक्टर एकदाही चिडले नाहीत, त्यांचे उपकार.

गावात बोंब झाली, बापच पोराच्या डोक्यात नको ते भरवतोय. मी चावडीवर विचारलं, "तुमच्यातला कोण येतो त्याच्याजवळ बसायला?" कोणी उठलं नाही.

भाताची लावणी सरता सरता दामू म्हणाला, "बाबा, आज आधी भाकर द्या, मग विचारा." आयेने तोंड चुलीकडे फिरवलं.

फायनल त्याने पुन्हा दिली नाही. दे, असं मी म्हणालोही नाही.

तुमच्या घरात पोर असं गप्प पडलं असेल तर लाजू नका. दवाखाना गाठा. तोंड उघडून विचारा. गाव नावं ठेवील, ठेवू दे.

यंदाच्या पौषात दामूची आय गेली. तिला खांदा द्यायला तिचा दामू होता.