फाटकापाशी थांबणाऱ्या आई

आम्ही राहतो ते स्टॅनमोर म्हणजे भुयारी रेल्वेच्या लाइनचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे गाडी तिथे दारं उघडी टाकून निवांत उभी असते. त्या मंगळवारी मी नेहमीच्या डब्यात नेहमीच्या जागी बसले होते आणि मेघाचा फोन आला. मेघा माझी धाकटी नणंद, मँचेस्टरला असते, आणि सकाळी सव्वासातला ती कधी फोन करत नाही. "वहिनी, मी चहा घेऊन वर गेले आणि आई… शी जस्ट डिडन्ट वेक अप." मी गाडीतून उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. माझ्या सासूबाई गेल्या होत्या. त्र्याहत्तराव्या वर्षी, झोपेत, कुणाला अर्ध्या दिवसाचाही त्रास न देता. नंतर जो तो म्हणाला, काय छान मरण आलं! आलं असेल. मला मात्र सगळ्यांत आधी रागच आला. पाऊल टाकायचं तरी समोरच्याला विचारून टाकणारी ही बाई, आणि निघताना कुणाला काही विचारलं नाही…

आज दीड महिना झाला. लिहायला बसले की मला त्या स्टॅनमोरच्या घरातल्या दिसत नाहीत, मँचेस्टरच्याही नाहीत. दिसतात त्या हॅरिसवरच्या. हॅरिस म्हणजे स्कॉटलंडच्या पार पश्चिमेचं एक बेट, दगड आणि वारा यांखेरीज तिथे फारसं काही नाही. निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला तिथला सहा दिवसांचा पायी प्रवास ठरवला होता. वाटाड्या नाही, गट नाही. कंपनी नकाशा देते, कुठे वळायचं ते लिहिलेली एक वही देते, आणि आपली बॅग रोज पुढच्या मुक्कामाला पोचवते. बाकी आपलं आपण चालायचं. निघायला दहा दिवस असताना निखिलला ऑफिसातून सुट्टी नाकारली गेली. जेवणाच्या टेबलावर त्यानं हे जड मनानं सांगितलं आणि आईंनी आमटी वाढून घेता घेता म्हटलं, "मग मी जाते हिच्याबरोबर. एकाहत्तर म्हणजे काही फार नाही." निखिलला केवढा आनंद झाला! मी आमटीचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात निघून गेले.

त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. आईंचं उभं आयुष्य लेस्टरला गेलं. लग्न होऊन आल्या त्या तिथे, तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसल्या, लेस्टरच्या रिवाजाप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्याला लाडानं 'डक' म्हणायला शिकल्या. सासरे गेल्यावर घर विकलं आणि आमच्याकडे राहायला आल्या. म्हणजे निखिलनं एका संध्याकाळी मला सांगितलं, "आई शनिवारी येतेय, व्हॅन बुक झालीये." मागच्या बाजूची छोटी खोली, जिथे माझं टेबल होतं, माझी पुस्तकं होती, ती त्या शनिवारी त्यांची झाली. भांडण कधीच झालं नाही. आईंसारख्या समजूतदार बाईशी भांडता येत नाही, हाच खरा वैताग होता. नऊ वर्षं मी गोड बोलले आणि नऊ वर्षं कुढले. त्या सुमाराला मेघानं घर बदललं होतं आणि आईंना कायमचं मँचेस्टरला बोलावलं होतं. आई म्हणाल्या होत्या, "चालून येते, मग सांगते." त्यांनी हो म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते.

इन्व्हर्नेसपर्यंत विमान, मग बस, मग बोट. पहिल्याच दिवशी, चालायला लागून अर्धा तासही झाला नसेल, वहीत लिहिलं होतं की फाटक उघडून आत जा आणि मागे नीट लावून घ्या. मी कडी काढली. मागे वळून बघते तर आई बाहेरच उभ्या.

"हे कुणाचं आहे गं?"

मी सांगितलं की कुणाचं का असेना, स्कॉटलंडमध्ये कायदाच आहे, कुणीही कुणाच्याही रानातून चालत जाऊ शकतं. "कायदा असेल," आई म्हणाल्या, "पण ते बघ, धुराड्यातून धूर येतोय. घरात माणूस आहे. आहे तर विचारावं." आणि रस्ता सोडून ओल्या गवतातून तुरुतुरु त्या घराकडे चालायला लागल्या. मी कपाळावर हात मारला. दार एका म्हाताऱ्यानं उघडलं, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट. तो बिचारा गोंधळूनच गेला. विचारायची काही गरज नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. आई म्हणाल्या, "आय नो, डक. बट आय लाइक टू आस्क."

मग रोज हेच. दिवसाला दोन-तीन दारं. कुठे चहा, कुठे बिस्किटं, कुठे कुत्र्याची ओळख, आणि वहीत चार तासांची लिहिलेली वाट आम्हाला सात तास पुरायची. मी पुढे जाऊन दगडावर बसून राहायचे, तोंड पाडून. आई यायच्या त्या बातम्या घेऊन. इथल्या बाईचा मुलगा तेलाच्या जहाजावर आहे. तिथल्या आजोबांना गुडघ्याचा त्रास, त्यांना मी निर्गुडीचं तेल सांगितलं… हॅरिसमध्ये निर्गुडी कुठून मिळणार, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "मिळेल तेव्हा लावतील."

तिसऱ्या दिवशी मात्र एका बाईनं चक्क नाही म्हटलं. मेंढ्या व्यायला झाल्यात, काही आजच पहाटे व्याल्यात, अनोळखी माणसं दिसली की बिथरतात, तेव्हा कृपा करून वळसा घालून जा. वळसा म्हणजे दीड तास, चिखल, आणि तोंडावर येणारा बारीक पाऊस. अर्ध्या वाटेत माझा तोल सुटला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला. "विचारलंच नसतं तर तिला कळलंही नसतं! आत्तापर्यंत गरम पाण्याने अंघोळ करून बसलो असतो." आई थांबल्या, चष्मा पुसला. रागावल्या नाहीत. "कळलं नसतं, खरं आहे. पण विचारायचं म्हणजे नाही ऐकायची तयारी ठेवायची. ती नसेल तर विचारायचं नाटक कशाला?" आणि पुन्हा चालायला लागल्या. त्या संध्याकाळी गेस्ट हाउसमध्ये माझे ओले मोजे त्यांनी त्यांच्या मोज्यांशेजारी रेडिएटरवर पसरून ठेवलेले मी पाहिले. मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगायचं तर ओरडून बरंही वाटलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही दोघी जरा मोकळेपणानं बोललो. सासऱ्यांबद्दल, तिच्या पोस्टातल्या मैत्रिणींबद्दल, माझ्या वरिष्ठाबद्दल. तिच्या म्हणजे त्यांच्या. बघा, लिहितानाही आता 'ती' येतं.

पाचव्या दिवसाची वाट प्रेतांची वाट होती. बेटाची पूर्वेची बाजू नुसता खडक, पुरायला हातभर मातीसुद्धा नाही. म्हणून तिकडची माणसं पूर्वी आपली मेलेली माणसं खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला न्यायची, जिथे वाळू आहे, गवत आहे. वाटेत जागोजागी दगडांचे ढीग रचलेले. खांदेकरी दमले की तिथे ओझं खाली ठेवायचे. मी हे वहीतून वाचून दाखवलं आणि आई लगेच म्हणाल्या, "अगं, म्हणजे विसावा! आपल्याकडे असतो तसाच की." त्यांना एवढं बरं वाटलं, जणू कुणी गावचं भेटलं. आम्ही तिथेच बसलो. गेस्ट हाउसच्या चीज सँडविचात आईंनी घरून आणलेली लसणाची चटणी भरली. खाली समुद्र आणि पांढरीशुभ्र वाळू दिसत होती.

"मुग्धा, मी तुझ्या घरी राहायला आले, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?"

मी घास गिळला. "नाही."

"विचारलं असतं तर?"

वारा होता, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. नऊ वर्षांची सवय होती मला. पण दोन दिवसांपूर्वी ती वळशाची वाट मी त्यांच्याबरोबर चालले होते… "नाही म्हटलं असतं, आई."

त्यांनी मान हलवली. थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "वाटलंच होतं मला. मुलाचं घर म्हणून आले. तुझंही होतं ते, तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि आता?"

आता गप्प बसले असते तरी काम झालं असतं. त्या मँचेस्टरला गेल्या असत्या, माझी खोली मला मिळाली असती. पण माझ्या तोंडून निघालं, "आता जाऊ नका." आणि ते खरं होतं. मलाच नवल वाटलं. डोळे भरून आले माझे.

आई खुदकन हसल्या. "मग आता जाते मी मेघाकडे. तिनं मला विचारून बोलावलंय. आणि राहा म्हणणारं कुणी असताना निघालं, की परत यायला तोंड राहतं."

मला इतका राग आला! आणि सुटल्यासारखंही वाटलं, ते मी लपवत नाही. महिन्याभरात त्या गेल्या. त्यानंतरची दोन वर्षं मात्र आमची छान गेली. महिन्या-दीड महिन्याने मी शनिवारची गाडी पकडायचे, त्या ट्रामच्या थांब्यावर न्यायला यायच्या, आम्ही कालव्याच्या कडेनं लांब फिरून यायचो. निखिल गमतीनं म्हणायचा, "आई कुणाची आहे नक्की?" आईही इकडे चार दिवस येऊन जायच्या, पाचव्या दिवशी थांबायच्या नाहीत.

शेवटची भेट फेब्रुवारीतली. रविवारी दुपारी मी कोट चढवत होते आणि त्या म्हणाल्या, "आजचा दिवस राहतेस का? उद्या सकाळी उपमा खाऊन जा." असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. मला सोमवारी मीटिंग होती. मी हसत हसत म्हटलं, "राहा म्हणतंय कुणी तोवर निघावं… तुम्हीच ना सांगितलं?" त्याही हसल्या. "हो बाई, मीच." माझ्या कोटाची वरची बटणं लावून दिली आणि ट्राम वळेपर्यंत थांब्यावर उभ्या राहिल्या. नऊ दिवसांनी मेघाचा फोन आला.

त्या सोमवारच्या मीटिंगमध्ये काय ठरलं, मला आठवत नाही. परवा मेघाकडे आईंचं सामान आवरायला गेले होते. स्वयंपाकघरातल्या कपाटात एक डबा सापडला, भाजलेल्या रव्याचा, दोन वाट्यांचा. मेघा म्हणाली, "तू गेलीस ना वहिनी, त्या दिवशी सकाळी तिनं भाजून ठेवला होता." मला विचारायच्या आधीच. नाही ऐकायची तयारी ठेवायला सांगणाऱ्या माझ्या आई… डबा मी स्टॅनमोरला घेऊन आले आहे. मेघाच्या घरात उपमा दुसरं कुणी खात नाही.